विसण

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी नानांनी पातेल्यात बोट घातलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि म्हणाले, "कोमटच हाये. वत." पातेलं उचलण्याआधी सवयीनं मीही बोट बुडवलं आणि तसंच झटक्यात तोंडात घातलं. चटका चांगलाच बसला होता. नाना खुर्चीवर वाकून पायातले मोजे काढत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी पातेलं घेऊन मोरीत गेले, बादलीतलं गार पाणी तांब्यानं त्यात ओतलं, एक, दोन, मग अजून अर्धा तांब्या, आणि बाहेर येऊन म्हटलं, "हो नाना, कोमटच आहे."

बोट रात्रीपर्यंत निवलं. वाक्य निवलं नाही.

तसं बघायला गेलं तर यात बोचण्यासारखं काय होतं? घरात ऐंशी ओलांडलेलं माणूस असलं की दिवसातून दहा वेळा असं बोलावं लागतं. भाजीत मीठ बरोबर आहे, टीव्हीचा आवाज मोठा नाही, विचारलं नव्हतं हो तुम्ही मघाशी, आत्ताच विचारताय. पण हे बोट नानांचं होतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं, आणि त्या घरात पाण्याबद्दलचा शेवटचा शब्द या बोटाचा असायचा. मागच्या अंगणात तांब्याचा बंब. पहाटे माय तो पेटवायची, धूर आधी पेरूच्या झाडात शिरायचा आणि मग आमच्या डोळ्यांत. बंबाच्या तोटीतून कढत पाणी घंगाळात पडलं की माय त्यात गार पाण्याचं विसण घालायची आणि हाक मारायची, "अहो, पाहता का जरा?" नाना दोन बोटं बुडवून सांगायचे, "एक तांब्या अजून." कधी म्हणायचे, "आता घालू नको, थंडी भरंल पोराले." माझा धाकटा भाऊ सव्वा महिन्याचा होईपर्यंत त्याच्या आंघोळीचं पाणी माय कोपरानं बघायची, तरी नानांच्या बोटाची मोहोर उठल्याशिवाय ते पाणी बाळाच्या अंगावर पडायचं नाही. आम्हाला अंश माहीत नव्हते. कोमट, ऊन, सोसवेल असं, कढत, आणि त्याच्या पलीकडे आधण. एवढ्यात सगळं भागायचं. आणि यातलं कुठलं कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं, ते नानांना ठाऊक होतं.

ठाऊक असणारच. १९६४ साली ते भुसावळच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीचा मदतनीस, म्हणून लागले आणि बरीच वर्षं बॉयलरच्या कामावर होते. मालगाडीची मोठी इंजिनं धुवायला यायची. त्यांच्या बॉयलरमध्ये चौरस इंचाला २१० पौंड दाब. एवढ्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, थेट दोनशेच्या आसपास उकळतं. शाळेत मी अभिमानानं "पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते" असं पाठ म्हणून दाखवलं, तेव्हा नाना नुसते हसले होते आणि म्हणाले होते, "तुमच्या शाळेतलं उकळत असंल." बॉयलर धुवायचा तर आधी आग पाडायची, वाफ सोडायची आणि मग वाट बघायची, कारण तापलेल्या पत्र्यावर गार पाणी गेलं की नळ्यांचे सांधे सुटतात. घाई करणाऱ्याची तिथे खैर नसायची. नाना सांगायचे की शेडमधले जुने मिस्त्री पत्र्याला तळहात लावून सांगत, अजून दोन तास. पुढे नानाही सांगू लागले. नंतर वाफ गेली, ते विजेच्या इंजिनांकडे गेले, तिथूनच निवृत्त झाले. पण ओळख करून देताना आजही "मी बॉयलरचा माणूस" असंच म्हणतात. माय गेल्यावर मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. येताना त्यांनी दोन पिशव्या आणल्या, एकीत कपडे आणि दुसरीत हत्यारं.

जानेवारीत डॉक्टरांकडे नेलं. साखर पंधरा वर्षांपासूनची, त्यामुळे डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी नानांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला टेकवायला सुरुवात केली. हा दोरा दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो, तोवर स्पर्श कळायला हवा, असं काहीसं त्यांनी मला सांगितलं. "टेकला की हो म्हणा, काका." अंगठ्याखाली दोरा वाकला, नाना गप्प. टाचेजवळ वाकला, गप्प. मग डॉक्टर दोरा हातात धरून नुसतेच थांबले होते तेव्हा नाना म्हणाले, "हो." मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर एक केळीवाला गाडीवर पाणी शिंपडत होता. डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं : पाय शेकायचे नाहीत, पाण्यात भिजवत बसायचं नाही, कोमट पाण्यानं धुवायचे आणि बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसायचे. पाणी सदतीस अंशांच्या वर नको. आणि तपासायचं त्यांनी नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. नाना तेव्हा शर्टाची बटणं लावत होते. बॉयलरवर हातोडे पडत असताना आत-बाहेर काम केलेल्या माणसांचे कान जातात, तसा त्यांचा डावा कान कधीच गेलाय. उजव्यानं किती ऐकलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

घरात एक आकडा आला. सदतीस.

मी केटल शोधायला बसले ती त्या रात्री. आमच्याकडे किटली म्हणजे चहाच्या टपरीवरचा पोऱ्या दुकानादुकानांत घेऊन फिरतो ती अॅल्युमिनियमची. विजेची असली की ती केटल होते. मुलाला पुण्याला फोन केला. तो हिरवा चहा पितो, वर कॉफी मोजून-मापून गाळतो, त्यामुळे या विषयातला आमचा तोच जाणकार. त्याचा पहिला प्रश्न होता, "आई, बादलीत सोडायचा थर्मामीटर मिळतो दीड-दोनशे रुपयांत. केटल कशाला?" बरोबर होतं. मी म्हटलं, नानांना सकाळी प्यायला ऊन पाणीही लागतं, गॅसपाशी त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं, शिवाय हिवाळ्यात... तो म्हणाला, बरं बरं, घे. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाही ते नीट सांगता आलं नसतं. थर्मामीटर घेऊन मी नानांच्या शेजारी बसले असते तर ती त्यांच्या बोटाची परीक्षा झाली असती, आणि निकाल मला वाचून दाखवावा लागला असता. केटल म्हणजे स्वयंपाकघरात आलेली एक नवी वस्तू. ती आपणहून आकडा दाखवते. मी काही बोलले नाही, तिनं सांगितलं. साडेतीन हजार रुपये मी यासाठी मोजले.

साधी केटल हजाराच्या आत येते, पण तिला एकच गोष्ट कळते, उकळी. तिच्या मुठीपाशी दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली एक चिमुकली चकती असते. पाणी उकळलं की वाफ एका बारीक वाटेनं तिथवर पोचते, एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, चकती टुणकन उलटी होते आणि खटका पडतो. झाकण उघडं राहिलं तर म्हणूनच ती बंद होत नाही, वाफ भलतीकडेच जाते. अंश निवडायच्या केटलमध्ये तळाला तापमान ओळखणारा सेन्सर असतो आणि बुडाच्या बैठकीत त्याचं ऐकणारं सर्किट. इथवर छान. पण बहुतेक केटली साठ नाहीतर सत्तर अंशांपासून सुरू होत होत्या. या बनवल्यात चहा-कॉफीच्या शौकिनांसाठी : हिरव्या चहाला ऐंशीच्या आत-बाहेर, नाहीतर तो कडू होतो, कॉफीला नव्वद ते शहाण्णव. हंसाच्या मानेसारखी बारीक तोटी असलेल्या काही केटली तर एकेका अंशाने वर-खाली होतात, दिसायलाही देखण्या, पण मावतं लिटरभर, आणि किंमत बघून मी मोबाइल उशीखाली ठेवला. मला खालचे आकडे हवे होते. चाळीस तरी. शिवाय बाहेरून हात लागला तरी भाजणार नाही अशी दुहेरी भिंतीची, कारण ज्याला पाण्याचा चटका कळत नाही त्याला भांड्याचाही कळणार नाही. दाबली की खट् होणारी खरी बटणं, कारण नानांची कोरडी, खरबरीत बोटं मोबाइलच्या काचेलाच ओळखू येत नाहीत. आकडे मोठे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसतील असे. आणि तापवत नसतानाही आत्ता पाणी किती अंशांवर आहे ते दाखवणारी. बऱ्याच केटली तुम्ही मागितलेला आकडाच तुम्हाला परत दाखवत बसतात, त्याचा काय उपयोग?

गोलाणी मार्केटच्या बाजूला एका दुकानात गेले. दुकानदारानं आधी निळा दिवा लागणारी काचेची केटल लावून दाखवली. दिसायला फारच सुरेख, पण आमच्या बोअरच्या पाण्यानं महिन्याभरात तिचं ताकाचं भांडं झालं असतं. मी म्हटलं, चाळीस अंशांपासूनची आहे का? तो म्हणाला, "चाळीस कोण मागतं ताई? आपल्याकडे तर पाणी उकळलं पाहिजे. होस्टेलची पोरं नूडल्ससाठी नेतात." तरी त्यानं माळ्यावरून एक खोका उतरवून दिला. चाळीस, साठ, ऐंशी, नव्वद, शंभर. बाहेरून काळी, आतून स्टील, एक पूर्णांक सात लिटर. बिल करताना त्यानं दोन सूचना दिल्या, दूध टाकू नका, आणि मोठा प्लग आहे, छोट्या पॉइंटला अडॅप्टर लावून चालवू नका. दुसरी सूचना घरी आल्यावर नानांनी स्वतःच सिद्ध केली. केटल उलटी करून त्यांनी बुडावरचं लेबल चष्म्यानं वाचलं, पंधराशे वॉट, आणि हवेत बोटानं भागाकार केला. "दोनशे तीसनं भाग. साडेसहा अँपिअर. तुझ्या ओट्यावरचा पॉइंट सहाचा हाये." दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून सोळाचा पॉइंट बसवून घेतला, त्याचे सहाशे वेगळे.

पण त्याआधीचा अर्धा तास मी विसरणार नाही. नानांनी केटल तपासायला घेतली. मला वाटलं होतं, विचारतील किती पैसे घातले. ते त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "यात चहा व्हतो का?" मी म्हटलं, नाही, दूध चालत नाही, तळाला करपतं आणि फेस वर येऊन वाफेची वाट बुजवतो. "मंग?" नुसतं पाणी, नाना. खानदेशी माणसाला नुसत्या पाण्याच्या यंत्राचं फार काही वाटणार नाही, हे मला समजायला हवं होतं. पण मग त्यांनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि ते एकदम शेडमध्ये पोचले. "गेज ग्लास नही?" इंजिनात पाण्याची पातळी दाखवायला काचेची नळी असते, ती ते शोधत होते. दुहेरी भिंतीमुळे बाहेरून खिडकी नाही, आत नुसत्या रेघा आहेत, असं मी दाखवलं. त्यांना पटलं नाही. "अन् लेड प्लग कुठी हाये?" हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी समजावलं. भट्टीच्या माथ्यावर पाणी कायम राहिलं पाहिजे. ते उतरलं तर माथा तापतो, वाकतो, आणि मग बॉयलर फुटतो. म्हणून माथ्यात शिशाचा डाट बसवलेला असतो. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते, आरडाओरडा होतो, आणि ड्रायव्हरला नोकरी गेली तरी जीव राहतो. मी माहितीपत्रक वाचून सांगितलं की यातही पाणी नसेल तर आपोआप बंद होण्याची सोय आहे. "कागदावर हाये. टेस्ट करून पाह्य." नव्याकोऱ्या, साडेतीन हजारांच्या केटलला आम्ही पॉइंट बसल्याबरोबर आधी रिकामी चालू केली. काही सेकंदांत तीन बीप देऊन ती बंद पडली. नानांनी मान हलवली. पास.

हिवाळाभर आमचं गणित ठरून गेलं. नळाचं पाणी तेव्हा वीस अंशांच्या आसपास. दीड लिटर साठ अंशांचं केटलमधून, दोन लिटर नळाचं, टबात एकत्र केलं की सदतीस. तीन मिनिटं लागतात, एका युनिटचा दहावा हिस्साही खर्च होत नाही. पेटल्यावर केटल आधी सूं करत गाते. तळाशी झालेले बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरून फुटतात त्याचा तो आवाज, आणि खऱ्या उकळीच्या जरा आधी ती एकदम गप्प होते. मायचं आधण असंच गप्प व्हायचं, मग ती तांदूळ वैरायची. नानांना यातलं काही ऐकू येत नाही. ते आकड्यांकडे बघत बसतात. तेवीस, सव्वीस, एकतीस. साठला बटण दाबलं तरी केटल कधीकधी बासष्ट-त्रेसष्टपर्यंत जाऊन येते, कारण बंद झाल्यावरही तळ तापलेलाच असतो. मी कुरकुर केली तर नाना म्हणाले, "गाडी ब्रेक मारल्याबरोबर थांबती का?"

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्यांनी मला केटलवर पन्नास येईपर्यंत थांबायला लावलं, पेल्यात थोडं पाणी ओतून घेतलं आणि त्यात बोट घातलं. "अडतीस," म्हणाले. मी केटल दाखवली. पन्नास. "आता चाळीसचं दे." बोट घालून म्हणाले, "अठ्ठावीस." मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं, ५०–३८, ४०–२८. "बारा कमी दाखवून राह्यलं," असं अगदी कामाच्या सुरात मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेरा. नाना खुशीत होते. मी मात्र धास्तावले होते, कारण शिरांचं दुखणं असं सरळ वजाबाकीनं चालत नाही एवढं मला डॉक्टरांकडून कळलं होतं. चौथ्या दिवशी ते बोट वीसनं चुकलं. पाचव्या दिवशी पाचनं. नानांनी सगळे आकडे लिहिले, चष्मा काढला, पेन्सिल कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "गेज चुकलं तरी चालतं बाई. पन दरवेळी सारखंच चुकलं पायजे. हे कंडम." रेल्वेत एखादं इंजिन किंवा डबा कायमचा बाजूला काढला की तो कंडम होतो. ते स्वतःच्या बोटाकडे बघत नव्हते, टबाकडे बघत होते. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी पाणी घ्यायला वळले, तेव्हा मागून म्हणाले, "त्या दिशी तू मोरीत इसन घालत होती ना. मले आरशात दिसलं."

मोरीच्या दारासमोर बेसिनचा आरसा आहे. बारा वर्षं मी त्यात केस विंचरतेय.

म्हणजे ज्या खोट्यावर पांघरूण घालायला मी हे यंत्र आणलं ते खोटं पहिल्या दिवसापासून उघडं होतं, आणि नाना दोन महिने गप्प राहिले होते. त्यांनाही आपल्या बोटाबद्दल कुणाच्या तोंडून ऐकायचं नसेल. की मला अवघड वाटू नये म्हणून गप्प होते? विचारलं नाही. त्यांनीही पुढे विषय काढला नाही. कॅलेंडरच्या त्या पानावर पाच चौकोनांत पेन्सिलीचे आकडे आहेत. महिना संपल्यावर पान उलटलं, फाडलं नाही.

मार्चमध्ये केटलच्या तळाला पांढरी खपली दिसायला लागली. बोअरचं पाणी जड, त्यातला चुना तापल्यावर तळाला धरतो. प्यायचं पाणी आम्ही पालिकेचं भरून ठेवतो, पण पाय धुवायला बोअरचंच. मी स्क्रबर घेऊन घासायला निघाले तशी नानांनी केटल माझ्या हातातून काढून घेतली. घासायचं नाही, वॉशआउट करायचा, शेडमध्ये बॉयलर धुवायचे तसा. दोन चमचे लिंबूफूल, अर्धी केटल पाणी, गरम करून अर्धा तास तसंच ठेवायचं. पातळ पापुद्रे सुटून वर तरंगायला लागले आणि नाना त्यांच्याकडे असे बघत होते की जणू जुनी ओळख निघाली. खपली जाड झाली की आगीची ऊब पाण्यापर्यंत जात नाही, कोळसा फुकट जळतो आणि पत्रा मात्र लाल होतो, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. मीही तिसऱ्यांदा ऐकलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉशआउट असतो, त्या दिवशी सकाळी केटलला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याची नोंद पेन्सिलीनं, त्याच कॅलेंडरवर.

मग मे आला. आमचा मे कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. दुपारी बाराला गल्लीतली कुत्री नळाच्या खड्ड्यात जाऊन बसायची, ओट्यावरच्या स्टीलच्या वाट्याही हाताला लागायच्या, आणि गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापून संध्याकाळी सगळं व्याजासकट परत करायची. आमच्याकडे मे महिन्यात आंघोळीला गार पाणी हवं असेल तर ते आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावं लागतं. अशा एका संध्याकाळी, सहा-साडेसहाला, मी सवयीनं नळाखाली केटल धरली, बैठकीवर ठेवली आणि चाळीसचं बटण दाबलं. दोन बीप झाले आणि दिवा विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा दोन बीप. मला वाटलं, गेली. वॉरंटीचा कागद कुठे ठेवलाय ते आठवत मी प्लग काढून परत लावला.

"काय म्हनतंय?" नानांनी खुर्चीतून विचारलं.

मी आकड्याकडे बघितलं. ४३. नळाचं पाणीच त्रेचाळीस अंश होतं. केटल बिचारी म्हणत होती, यात मी काय करू? मी नानांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "म्हणतेय, पाणी आधीच गरम आहे! त्रेचाळीस!" नानांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, मग खोकला आला, मग परत हसू. चाळीसची केटल मिळावी म्हणून मी अर्धं जळगाव पालथं घातलं होतं. जे पाणी डॉक्टरांनी वर्ज्य केलं ते आमच्या नळाला येत होतं, फुकट, आणि गेली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात नानांच्या पायांवर तेच पडत होतं.

"माठ आन," नाना म्हणाले.

त्यांच्या खोलीत एक लहान माठ असतो, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. कोरड्या हवेत माठ झकास गार होतो, तेवढं एक सुख आमच्या उन्हाळ्यात आहे. दिवसभर पिऊन तो निम्म्यावर आला होता. मी तो ओट्यावर आणून ठेवला. नानांनी ओगराळं घेतलं आणि केटलचं झाकण उघडून विसण घालायला सुरुवात केली. हात थोडा कापतो, पण बाहेर थेंब सांडला नाही. मी आकडे ओरडून सांगत होते, कारण झाकण उघडं असताना त्यांच्या बाजूनं आकडा दिसत नव्हता. "एक्केचाळीस! चाळीस!" खालच्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं असणार, वर लिलाव चाललाय. "एकोणचाळीस! अडतीस!" पाचव्या ओगराळ्यानंतर नाना थांबले. त्यांचं बोट नकळत केटलच्या तोंडापर्यंत गेलं, तिथे एकदा थबकलं आणि तसंच मागे आलं. ते त्यांनी धोतराला पुसलं, कोरडंच होतं तरी. "किती?" मी म्हटलं, "अडतीसच." त्यांनी अजून एक ओगराळं घातलं, अर्ध्यापेक्षा जरा जास्त, आणि माझ्याकडे बघितलं.

"सदतीस," मी म्हटलं. या वेळी ओरडले नाही, तरी त्यांना कळलं.

एका केटलनं दोन पाय होत नाहीत, म्हणून सगळं परत एकदा केलं. बेचक्यांतून पाणी सोडलं, जुन्या पंचानं पाय कोरडे केले, उजव्या अंगठ्याजवळची भेग बघितली, होती तशीच होती. नाना तोवर माठ वाकवून आत बघत होते. तळाशी जेमतेम पेलाभर पाणी उरलं होतं आणि रात्रभर प्यायला काहीच नव्हतं. पालिकेचं पाणी सकाळी भरून ठेवलं होतं ते पिंपातलं, हात लावून बघितलं तर तेही तापलेलं. मी ते माठात ओतायला लागले. फडकं परत भिजवलं, घट्ट पिळलं नाही, माठाभोवती गुंडाळलं आणि माठ त्यांच्या खिडकीत ठेवला, जिथे रात्री उशिरा थोडा वारा येतो. "किती वाजेलोक होईन गार?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा कधीकधी भुसावळला जाते. नानांनी माठाच्या पोटाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दोन तास अजून," म्हणाले.